ठिणगीचा शोधक : हाइनरिख हर्ट्झ

नभोवाणीचे अमुक केंद्र अमुक मेगाहर्ट्झवर लागते, असे आपण नेहमी म्हणतो. एका सेकंदात किती कंपने होतात हे सांगण्याचे ‘हर्ट्झ’ हे परिमाण आहे, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु ते एका मनुष्याचे आडनाव आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. हा मनुष्य म्हणजे जर्मनीतील प्रोफेसर हाइनरिख हर्ट्झ होत. त्यांस आयुष्य लाभले ते अवघे ३६ वर्षांचे. विद्युल्लहरी खरोखरच अस्तित्वात आहेत हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध करून दाखविले, आणि त्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले. पण त्याच प्रयोगांच्या ओघात त्यांच्या मार्गात एक क्षुल्लक दिसणारी अडचण आली. ती त्यांनी झिडकारली नाही, आणि तिच्याच पोटी दुसरा एक शोध जन्मास आला. या दुसऱ्या शोधाचे मोल जगास कळण्यापूर्वीच त्यांस मृत्यूने गाठले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या शोधाकडे विशेष लक्ष देऊन त्यांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे.

हाइनरिख याचा जन्म ता. २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हँबर्ग या बंदराच्या शहरी झाला. वडील गुस्ताफ हर्ट्झ हे वकील होते. पुढे ते त्या नगरराज्याचे सेनेटर झाले. त्यांचे घराणे मूळचे यहुदी. परंतु वडिलांच्या बालपणीच कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई एका लष्करी डॉक्टराची कन्या होती. पाच भावंडांत हाइनरिख सर्वांत वडील. पुस्तकात जसे त्याचे मन रमे, तसेच ते हातकामातही रमे. आठवडाभर शाळेचा अभ्यास करावा आणि रविवारी कारागिरांच्या शाळेत जाऊन रेखाचित्रणाचे धडे घ्यावेत, असा त्याचा क्रम असे. घरी त्याच्यापाशी सुताराची हत्यारे होती, पुढे कातकामाचे यंत्रही आले, आणि एका कारागिराकडून ती विद्या त्याने नीट शिकून घेतली. हाच विद्यार्थी पुढे प्रोफेसर झाल्याचे ऐकून, केवढा उत्तम कातारी आपण गमावला, अशी हळहळ त्या गुरूने व्यक्त केल्याचे सांगतात. भाषांतही त्याची गती चांगली होती; शाळेत असतानाच तो अरबी शिकला. ज्या हातांनी लाकूड कातले त्याच हातांनी पुढे प्रयोगशाळेतील बहुतेक उपकरणे घडविली, ही गोष्ट हातकामास कमी लेखणाऱ्यांनी अवश्य ध्यानी धरावी.

१८७५ साली शाळेची अंतिम परीक्षा उतरल्यावर हाइनरिखने इंजिनियर होण्याचे ठरविले. फ्रँकफर्ट येथे एक वर्ष बांधकामाचा अनुभव, ड्रेस्डेन येथे काही काळ शिक्षण, नंतर बर्लिनमध्ये एक वर्ष लष्करी सेवा, असे टप्पे ओलांडून १८७७ साली तो म्युनिक येथे आला. तेथे त्याच्या मनात मोठे द्वंद्व उभे राहिले. इंजिनियरच्या धंद्यात स्थिर उत्पन्न होते. शास्त्राच्या अभ्यासात तशी शाश्वती नव्हती. परंतु मनाचा ओढा शास्त्राकडे होता. वीस वर्षांच्या या तरुणाने आपले मन परस्पर ठरवून टाकले नाही. त्याने वडिलांस सविस्तर पत्र लिहिले, दोन्ही बाजू त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडल्या आणि त्यांची अनुमती मागितली. वडिलांनी ती आनंदाने दिली. पुत्राने विश्वासाने विचारावे आणि पित्याने समंजसपणे मान डोलवावी, यातून एका थोर शास्त्रज्ञाच्या आयुष्याला वळण लागले, हे आमच्या पालकवर्गानेही पाहण्याजोगे आहे.

पुढील वर्षी तो बर्लिनला गेला. तेथे हेल्महोल्ट्झ व किर्खहोफ हे त्या काळचे दोन धुरंधर आचार्य शिकवीत होते. हेल्महोल्ट्झ यांची नजर या मितभाषी विद्यार्थ्यावर तात्काळ गेली. विद्यापीठाने लावलेल्या एका प्रश्नाचे प्रयोगाने उत्तर काढून त्याने १८७९ साली सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीने त्याहून कठीण प्रश्न जाहीर केला. इंग्लंडातील गणितज्ञ मॅक्सवेल यांनी असा सिद्धांत मांडला होता की, विद्युत् व चुंबकत्व यांच्या लहरी अवकाशातून धावतात, आणि प्रकाश हीही तसलीच एक लहर होय. हा सिद्धांत प्रयोगाच्या कसोटीस लावावा, असा त्या प्रश्नाचा रोख होता. हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या शिष्यास तो हाती घेण्याविषयी सुचविले. शिष्याने विचार केला, गणित करून पाहिले, आणि हाती असलेल्या साधनांनी हे साधणार नाही असे वाटल्यावरून नम्रपणे नकार दिला. मात्र प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. १८८० साली त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली, तीन वर्षे त्यांनी हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक म्हणून काम केले, नंतर कील येथे अध्यापन केले, आणि १८८५ साली कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयात ते प्रोफेसर झाले. तेथे त्यांस चांगली प्रयोगशाळा मिळाली. पुढच्याच वर्षी तेथील एका अध्यापकाची कन्या एलिझाबेथ डॉल हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८८६ च्या हिवाळ्यात सात वर्षांपूर्वीचा तो प्रश्न पुन्हा त्यांच्यापुढे उभा राहिला. प्रयोगाची मांडणी थोडक्यात अशी होती. इंडक्शन कॉइलच्या साहाय्याने दोन धातूच्या गोळ्यांमध्ये जोराची ठिणगी पाडावयाची. या ठिणगीमुळे विद्युल्लहरी निघत असतील, तर त्या दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. या कड्याला एके ठिकाणी बारीक फट ठेविलेली असे. लहर येऊन पोहोचली की फटीत इवलीशी ठिणगी उडावी, आणि फट स्क्रूने कमीअधिक करून ठिणगीची लांबी मोजावी, अशी योजना होती. ही दुसरी ठिणगी कित्येकदा मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असे, आणि क्षणमात्र टिके. ती पाहण्यासाठी डोळ्यांस फार ताण पडे. म्हणून हर्ट्झ यांनी एक सोपा उपाय केला. अंधारात ठिणगी स्पष्ट दिसेल या हेतूने त्यांनी त्या फटीभोवती एक काळी पेटी बसविली.

आणि विपरीत घडले. पेटी बसविताच ठिणगी स्पष्ट दिसण्याऐवजी आखूड झाली.

येथे क्षणभर थांबून त्यांच्या स्थितीचा विचार करावा. मॅक्सवेलचा सिद्धांत खरा की खोटा, हा त्या युगातील पदार्थविज्ञानाचा एक सर्वांत मोठा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर हाताच्या अंतरावर आले होते. दुसऱ्या कोणी ते आधी काढले असते, तर वर्षांचा परिश्रम वाया जाता. अशा वेळी सामान्य मनुष्य काय करता? पेटी काढून टाकता, डोळे ताणून ठिणगी पाहता, आणि पुढे जाता. पेटीचा हा उपद्रव कोणासही सांगण्याची गरज नव्हती. परंतु ज्या गोष्टीचे कारण आपणांस कळत नाही ती वाटेत तशीच सोडून पुढे जाणे हर्ट्झ यांस मान्य नव्हते. त्यांनी मुख्य कार्य बाजूस ठेविले आणि १८८७ सालातील कित्येक महिने या एका अडचणीच्या पाठीस लागण्यात खर्च केले.

त्यांची शोध घेण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याने शिकण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी पेटीच्या बाजू एकेक करून काढल्या. मागची बाजू काढली, ठिणगीत फरक नाही. वरची काढली, तरी नाही. पण मोठ्या ठिणगीच्या आणि लहान ठिणगीच्या मधोमध येणारी फळी काढताच लहान ठिणगी पुन्हा लांब झाली. म्हणजे दोष पेटीचा नसून त्या एका आडोशाचा होता. मग त्यांनी आडोसे बदलून पाहिले. धातूचा पत्रा ठेविला, ठिणगी आखूड झाली. विजेचे कारण असते तर विजेस वाट न देणारी काच ठेविल्यावर निराळा परिणाम दिसावयास हवा होता. परंतु काचेनेही ठिणगी आखूडच झाली. उलट स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, जाड तुकडा मध्ये ठेविला असता काहीच अडथळा होईना. पारदर्शक सैंधवही वाट देई. यावरून हा व्यवहार विजेचा नसून प्रकाशाचा आहे, असा संशय बळावला. मग मोठ्या ठिणगीचा प्रकाश त्यांनी आरशावरून परावर्तित केला, तर परिणामही त्याबरोबर वळला. क्वार्ट्झच्या लोलकातून तो प्रकाश पसरविला, तेव्हा दिसून आले की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या दृश्य रंगांत ही शक्ती नाही. जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस केवळ अंधार दिसतो, तेथे ती आहे. अतिनील किरण काचेतून बहुतांशी पार होत नाहीत आणि क्वार्ट्झमधून होतात, ही गोष्ट त्या काळी माहीत होतीच. सर्व पुरावा एकत्र आला. मोठ्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण लहान फटीच्या धातूवर पडले की तेथे ठिणगी उडणे सुलभ होते, हा निष्कर्ष निश्चित झाला.

हे असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर हर्ट्झ यांच्यापाशी नव्हते, आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. जे पाहिले ते त्यांनी नीट लिहून त्याच वर्षी प्रसिद्ध केले, कारणाविषयी काही कल्पना लढविण्याचे टाळले, आणि पुन्हा आपल्या लहरींकडे वळले. सत्यशोधकास जितके धैर्य बोलण्यासाठी लागते, तितकेच न बोलण्यासाठीही लागते.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १८८८ साली कार्ल्सरूहच्या व्याख्यानगृहात त्यांनी भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावून विद्युल्लहरी परावर्तित केल्या व त्यांची लांबी मोजली. डांबराचा भला मोठा लोलक तयार करून त्यातून त्या वाकविल्या. प्रकाश जे जे करतो ते ते या अदृश्य लहरीही करतात, हे त्यांनी दाखवून दिले. मॅक्सवेल १८७९ सालीच निवर्तले होते. त्यांचा सिद्धांत नऊ वर्षांनी प्रयोगाने खरा ठरला. याच लहरींवर पुढे मार्कोनी यांनी बिनतारी संदेश पाठविले, कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास आपले सूक्ष्म लहरींचे प्रयोग केले, आणि १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईहून नभोवाणी सुरू झाली.

१८८९ साली हर्ट्झ बॉन विद्यापीठात गेले. पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस रम्फर्ड पदक अर्पण केले. घरी योहाना व माथिल्ड या दोन लहान मुली होत्या. सर्व काही अनुकूल असतानाच १८९२ साली जबड्याचे व नाकाचे दुखणे उद्भवले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आराम पडेना. तशा स्थितीतही यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आपला ग्रंथ त्यांनी पुरा केला, आणि डिसेंबर १८९३ पर्यंत विद्यार्थ्यांस शिकविले. शेवट जवळ आल्याचे त्यांस कळले होते. आईवडिलांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी विनविले की, आपल्यासाठी फार शोक न करता, थोडके जगूनही पुरेसे जगून गेलेल्यांत आपली गणना झाली याबद्दल थोडा अभिमान बाळगावा. ता. १ जानेवारी १८९४ रोजी त्यांनी देह ठेविला.

त्यांनी मागे ठेविलेला तो अनुत्तरित प्रश्न मात्र इतरांनी उचलला. १८८८ सालीच हालवाक्स यांनी दाखविले की, ऋण विद्युत् भरलेल्या जस्ताच्या पत्र्यावर अतिनील प्रकाश पडला की ती विद्युत् निघून जाते. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा कण ओळखला, आणि दोन वर्षांनी प्रकाशाने धातूतून बाहेर पडतात ते इलेक्ट्रॉनच होत, हे सिद्ध केले. मग १९०२ साली हर्ट्झ यांचेच एकेकाळचे साहाय्यक लेनार्ड यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉनांची संख्या तेवढी वाढते. प्रत्येकाचा वेग वाढत नाही. वेग अवलंबून असतो तो प्रकाशाच्या जातीवर.

याचा उलगडा १९०५ साली आइन्स्टाइन यांनी केला. त्यांनी सांगितले की प्रकाशाची शक्ती सुट्या पुड्यांनी येते, आणि अतिनील प्रकाशाची प्रत्येक पुडी तांबड्या प्रकाशाच्या पुडीहून मोठी असते. उंच फांदीवरील कैरीला शेकडो खडे हलक्या हाताने मारले तरी एकही तिथवर पोहोचत नाही. पण नेमका जोर लावून मारलेला एकच खडा तिला खाली आणतो. हाच न्याय येथे लागू आहे. या विवरणाबद्दल आइन्स्टाइन यांस १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष हे की, हर्ट्झ यांच्या मुख्य शोधाने प्रकाश ही लहर आहे हे पक्के केले, आणि त्यांच्याच आडवाटेच्या शोधाने प्रकाश पुड्यांनीही वागतो या ज्ञानाचे दार उघडले. एकाच फटीतील एकाच ठिणगीने दोन्ही साक्षी दिल्या.

आज ही कथा अत्यंत सूक्ष्म अशा क्षेत्रात जाऊन पोहोचली आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. अशा काही थोड्या नॅनोमीटर रुंदीच्या स्फटिककणांस क्वांटम डॉट हे नाव आहे. सतारीची तार जितकी आखूड धरावी तितका स्वर उंच निघतो. त्याचप्रमाणे हा कण जितका लहान, तितका त्यातून निघणारा प्रकाश निळ्याकडे झुकतो, आणि कण मोठा असला की तांबड्याकडे. एकिमोव्ह, ब्रुस व बावेंडी या तिघांस या कणांच्या शोधाबद्दल व निर्मितीबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अशा कणावर प्रकाश पडला की त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. त्यास जवळ दुसरा आसरा नसेल, तर तो अल्पावधीत पुन्हा आपल्या जागी येतो, आणि येताना प्रकाश सोडतो. परंतु शेजारी दुसऱ्या द्रव्याचा कण अगदी खेटून असेल, आणि त्याची पायरी किंचित खालची असेल, तर इलेक्ट्रॉन परत येण्याऐवजी शेजारच्या घरी उडी घेतो. दोन कणांमधील अंतर थोडे जरी वाढले तरी ही उडी झपाट्याने दुर्मिळ होते. इलेक्ट्रॉन एका घरी आणि त्याची रिकामी जागा दुसऱ्या घरी, अशी फारकत झाली म्हणजे प्रकाशापासून वीज मिळविण्याचा मार्ग मोकळा होतो. धातूच्या गोळ्यावरून अतिनील प्रकाशाने निसटणारा तो इलेक्ट्रॉन आणि एका कणावरून दुसऱ्या कणावर जाणारा हा इलेक्ट्रॉन, दोघेही प्रकाशाच्या पुडीनेच जागचे हललेले असतात. फरक इतकाच की एक धातूबाहेर मोकळा पडतो, आणि दुसऱ्यास शेजारी घर मिळते.

हर्ट्झ यांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ साली, बर्लिन येथील हेंगलाइन व त्यांचे सहकारी स्पानहेल आणि वेलर यांनी कॅडमियम सल्फाइडच्या बारीक कणांस टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जोडले व त्यांवर प्रकाश टाकला. तेव्हा पहिल्या कणांचे चमकणे मंदावले. कारण त्यांचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्याकडे निघून जात होते. ज्या नगरीत हर्ट्झ शिकले तेथेच हा प्रयोग झाला, आणि सहकाऱ्यांपैकी वेलर हे पुढे हर्ट्झ यांच्या जन्मगावी, हँबर्गच्या विद्यापीठात, प्रोफेसर झाले. येथेही अपेक्षित प्रकाश कमी झाला हीच बातमी होती. शंभर वर्षांपूर्वी ठिणगी आखूड झाली, तेव्हाही तसेच घडले होते.

हर्ट्झ यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाच्या वाट्यास मोठे दुःख आले. नाझी राजवटीत, त्यांचे पूर्वज यहुदी होते एवढ्या कारणावरून, हँबर्गच्या नगरभवनातील त्यांचे चित्र मानाच्या जागेवरून काढण्यात आले, आणि त्यांची पत्नी व दोन्ही कन्या यांस मायदेश सोडून इंग्लंडात आश्रय घ्यावा लागला. परंतु नाव पुसता आले नाही. कंपनसंख्येच्या परिमाणास १९३० सालीच ‘हर्ट्झ’ हे नाव देण्यात आले होते. १९६० साली ते आंतरराष्ट्रीय परिमाणपद्धतीत कायमचे समाविष्ट झाले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत कधी तुमचा आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळणार नाही. अशा वेळी शेजाऱ्याच्या वहीतून जुळणारा आकडा उतरून घेण्याचा मोह होतो, हे आम्हां शिक्षकांस चांगले माहीत आहे. त्या प्रसंगी हर्ट्झ यांची ती काळी पेटी आठवावी. आलेला आकडा जसाच्या तसा वहीत लिहावा, मग पेटीच्या बाजू काढाव्यात तशी एकेक गोष्ट बदलून पाहावी, आणि कारण सापडले नाही तर तसे प्रामाणिकपणे नमूद करून ठेवावे. बहुतेक वेळा चूक आपलीच निघेल, आणि ती शोधताना काही शिकणे घडेल. क्वचित एखाद्याच्या वहीत मात्र असे काही निघेल की जे त्याच्या गुरुजींसही ठाऊक नसेल. आणि तशी वही तपासण्याचा योग यावा, अशी प्रत्येक शिक्षकाची मनीषा असते.